क्लेम अडकलाय, रोबो आलेत: अनएम्प्लॉयमेंटबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं नोकरी गेल्याची किंवा जाण्याच्या भीतीची आहेत. इथे अमेरिकेत एका राज्याच्या अनएम्प्लॉयमेंट म्हणजे बेकारी भत्त्याच्या खात्यात मी बरीच वर्षं क्लेम तपासायचं काम केलं आहे, त्यामुळे खिडकीच्या आतून ही व्यवस्था कशी चालते ते मला ठाऊक आहे. राज्य बदललं की भत्त्याचा आकडा आणि मुदती बदलतात, पण सांगाडा सगळीकडे १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याचा आहे. आकडे आपापल्या राज्याचे तपासून घ्या.

प्रश्न: ताई, मी एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये होतो. आधी पिकिंग, मग इन्व्हेंटरी कंट्रोल. वय ५४, ग्रीन कार्ड आहे. मध्यंतरी तिथे रोबो आले. आता माणूस रॅकपाशी जात नाही, रॅकच माणसापाशी येतो. आमची शिफ्ट बंद झाली. मला म्हणाले, दुसऱ्या साइटवर जागा आहे. पण ती दीड तास लांब आणि रात्रपाळी. घरात गाडी एकच, बायको त्याच गाडीने कामावर जाते. मी नाही म्हटलं. एचआरने राज्याला कळवलं की यांनी स्वखुशीने नोकरी सोडली. क्लेम केला तर कित्येक आठवडे ‘पेंडिंग’. फोन लावला की मशीन बोलतं, एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी ‘सगळे प्रतिनिधी व्यग्र आहेत’ म्हणून फोन कट. पैसे येतच नाहीत तर दर आठवड्याला ते प्रश्न कशाला भरायचे, म्हणून मी ते बंद केलं. आता नकाराचं पत्र आलंय. मशीनने नोकरी घेतली आणि भत्ताही मशीननेच नाकारला. माणसाशी बोलायचं तरी कुठे?

उत्तर: माणसाशी बोलायची जागा आहे आणि ती कायद्याने ठरवून दिलेली आहे. तिच्याकडे येतेच. त्याआधी आजच्या आज एक गोष्ट करा: दर आठवड्याचं सर्टिफिकेशन, म्हणजे ते प्रश्न भरणं, पुन्हा चालू करा. या व्यवस्थेत प्रत्येक आठवडा हा वेगळा क्लेम असतो. उद्या निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे मिळतात ते सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच. क्लेम पेंडिंग असो, नाकारलेला असो, अपिलात असो, ते प्रश्न भरत राहायचे आणि नोकरी शोधल्याची नोंद ठेवायची. जे आठवडे सुटले ते मागच्या तारखेने मान्य करा, अशी लेखी विनंती करा. कारण स्पष्ट लिहा: फोन लागत नव्हता, पेंडिंग असतानाही भरायचं असतं हे कुणी सांगितलं नाही. हे कारण पुष्कळदा मान्य होतं. क्लेम निष्क्रिय झाला असेल तर आधी तो ‘रीओपन’ करावा लागेल.

दुसरं, नकाराच्या पत्रावरची तारीख बघा. अपिलाची मुदत तिथून मोजतात, तुम्ही पाकीट फोडलं त्या दिवसापासून नाही. टेक्सासमध्ये १४ दिवस मिळतात, कॅलिफोर्नियात ३०. अपील करायला वकील लागत नाही. ‘हा निर्णय मला मान्य नाही, मला सुनावणी हवी आहे’ एवढं वाक्य, नाव आणि क्लेम नंबर पुरे. सगळे पुरावे गोळा झाल्यावर सविस्तर लिहू, असं म्हणता म्हणता मुदत उलटून गेलेली माणसं मी फार पाहिली आहेत. आधी ते एक वाक्य पाठवा, पुरावे मागाहून.

आता मुद्द्याचं. एचआरने ‘स्वखुशीने’ का लिहिलं? मालक राज्याला जो अनएम्प्लॉयमेंट टॅक्स भरतो, त्याचा दर त्याच्या माणसांनी किती भत्ता घेतला यावर चढतो-उतरतो. लेऑफ म्हटलं की भत्ता जातो आणि दर चढू शकतो. ‘सोडून गेला’ म्हटलं की तो वाचतो. मोठ्या कंपन्या तर हे कागद भरायचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात. तुम्हाला कधीही न भेटलेला कुणीतरी कारणांच्या यादीतून एक कोड निवडतो आणि राज्याच्या कॉम्प्युटरला तो कोड तेवढा दिसतो. तुमची एकच गाडी आणि बंद पडलेली शिफ्ट त्या कोडमध्ये कुठेच नसते.

म्हणून अपिलात ‘मी दुसरी जागा नाकारली’ इथून सुरुवात करू नका. जे आधी घडलं ते आधी लिहा: अमुक तारखेला माझी शिफ्ट बंद झाली, माझं काम संपलं. मग लिहा की देऊ केलेली जागा किती मैलांवर होती, पाळी कोणती, पगार काय, आणि तिथे रोज पोचणं का अशक्य होतं. काम ‘सुटेबल’, म्हणजे तुमच्यासाठी योग्य, होतं का हे ठरवताना अंतर, पगार, तब्येतीला असलेला धोका आणि आधीचा अनुभव हे बघावं लागतं. शिफ्ट बंद झाल्याची ईमेल, दोन्ही पाळ्यांच्या वेळा, रस्त्याचं अंतर, गाडीचं एकच रजिस्ट्रेशन, बायकोच्या कामाच्या वेळा, सगळं जोडा. तोंडी झालेलं बोलणं असेल तर कुणाशी आणि कधी, ते आठवून कागदावर उतरवा.

सुनावणी बहुतेक फोनवरच होते. जज रेकॉर्डर चालू करतात, तुम्हाला आणि कंपनीच्या माणसाला शपथ देतात, मग आलेल्या कागदांना एकेक करून नंबर देतात. तुमच्या ईमेलला नंबर मिळाला नसेल तर तिथल्या तिथे सांगायचं, ‘माझा हा कागद राहिला.’ त्यानंतर प्रश्न. छोटी उत्तरं द्या, विचारलं तेवढंच. गैरवर्तनासाठी काढलं असं मालकाचं म्हणणं असेल तर ते त्याने सिद्ध करायचं असतं. सोडून गेल्याचा वाद असेल तर सबळ कारण होतं हे सहसा तुम्हाला दाखवावं लागतं, म्हणूनच कागद महत्त्वाचे. कंपनीच्या बाजूने बोलणारा माणूस त्या फ्लोअरवर कधी उभाही राहिलेला नसतो, हे जजना पाच मिनिटांत कळतं. तुम्हाला तोही प्रश्न विचारायचा हक्क आहे: शिफ्ट बंद झाली तेव्हा तुम्ही तिथे होतात का? इंग्रजीत अडखळायला होत असेल तर आधीच कळवून मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

हीच ती माणसाशी बोलायची जागा. सोशल सिक्युरिटी कायद्याच्या कलम ३०३ मध्ये दोन गोष्टी राज्यांवर बंधनकारक केल्या आहेत: देय भत्ता वेळेवर द्यायचा, आणि ज्याचा क्लेम नाकारला त्याला निःपक्षपाती मंडळापुढे रीतसर सुनावणी द्यायची. वेळेवर म्हणजे काय याचंही माप आहे. पहिल्या हप्त्यांपैकी ८७ टक्के हप्ते दोन ते तीन आठवड्यांत गेले पाहिजेत, असा केंद्राचा नियम आहे. तुमचे आठवडे ‘पेंडिंग’मध्ये गेले यात तुमचं काही चुकलेलं नाही. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा येणारे स्वयंसेवक पुढे या, असं जाहीर आवाहन करावं लागलं होतं, इतक्या जुन्या यंत्रणांवर हा कारभार चालत आला आहे.

‘मशीननेच नाकारला’ हे तुमचं वाक्य मला रागातून आलेलं वाटत नाही. मिशिगनमध्ये ते शब्दशः घडलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथे ‘मायडास’ नावाची प्रणाली आली. मालकाची आकडेवारी आणि क्लेममधली आकडेवारी जुळली नाही की ती आपण होऊन फसवणुकीचा ठपका ठेवायची. नोटीस कित्येकदा अशा ऑनलाइन खात्यात जायची, जे त्या माणसाने भत्ता संपल्यावर उघडलेलंच नसायचं. उत्तर आलं नाही की गुन्हा कबूल. दंड घेतलेल्या रकमेच्या चौपट. पगारातून आणि टॅक्स रिफंडमधून वसुली. सुमारे ४०,००० लोकांवर खोटे ठपके बसले, काहींनी दिवाळखोरी जाहीर केली. नंतर माणसांनी त्या फायली उघडून तपासल्या तेव्हा मशीनने एकट्याने दिलेल्या निर्णयांतले ९३ टक्के चुकीचे निघाले. लोक कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये राज्याने २ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. मला यातलं सर्वांत जास्त लागतं ते हे, की सुनावणी मागायचा हक्क त्या सगळ्यांना होता आणि बहुतेकांना आपल्यावर ठपका बसलाय हेच माहीत नव्हतं. म्हणून राज्याच्या पोर्टलचं खातं आणि ईमेलचा स्पॅम फोल्डर, दोन्ही आठवड्यातून एकदा उघडा. भत्ता संपल्यावरही काही काळ उघडत राहा.

फोनचं म्हणाल तर एक रस्ता फार थोड्यांना माहीत असतो. तुमच्या भागाचे राज्य विधिमंडळातले जे प्रतिनिधी आहेत, त्यांच्या ऑफिसला फोन करा. अडकलेल्या क्लेमची चौकशी करणं हे त्यांच्या स्टाफचं नेहमीचं काम असतं आणि खात्यात त्यांचा फोन उचलला जातो. त्यांना मत दिलंय का, नागरिक आहात का, हे कुणी विचारत नाही. उत्पन्न थांबलंय, तेव्हा जवळच्या लीगल एड ऑफिसलाही विचारा. अनएम्प्लॉयमेंटची अपिलं ते बऱ्याच ठिकाणी फुकट लढवतात.

प्रश्न: माझ्या मुलाची नोकरी जाऊन बरेच दिवस झाले. सून म्हणते भत्ता घ्या, हा म्हणतो मी सरकारच्या पैशावर बसून खाणार नाही. इतका शिकलेला मुलगा, त्याला लाज वाटते. मी त्याला काय सांगू?

उत्तर: काकू, त्याला सांगा की हा विमा आहे आणि त्याचा हप्ता भरला गेलेला आहे. मालक दर माणसामागे वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर केंद्राचा कर भरतो, सवलत धरून तो साधारण ४२ डॉलर होतो. राज्याचा कर वेगळा. हा खर्च तुमच्या मुलाला कामावर ठेवण्याच्या हिशेबातच धरलेला होता. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत तर माणसाच्या स्वतःच्या पगारातूनही कापून घेतात. तो तिथला असेल तर जुनी पे स्टब (पगाराची चिठ्ठी) काढून त्याच्यासमोर ठेवा, त्याला ती ओळ दिसेल. घराचा विमा असताना आग लागली तर आपण विमा कंपनीचे पैसे लाजत घेतो का?

आणि उशीर करू नका म्हणावं. भत्ता किती हे क्लेम कधी केला त्यावरही अवलंबून असतं, कारण सहसा आधी संपलेल्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार तिमाहींची कमाई धरतात. वाट पाहता पाहता चांगल्या पगाराची तिमाही त्या हिशेबातून गळून पडते. सहसा भत्ता क्लेम केल्याच्या आठवड्यापासून चालू होतो, नोकरी गेल्या दिवसापासून नाही. रक्कम मोठी नसते हे खरंच. कॅलिफोर्नियाची कमाल मर्यादा २००५ पासून आठवड्याला ४५० डॉलरवरच अडून आहे, फ्लोरिडात २७५. एवढ्यात घरभाडंही निघत नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं. पण वाणसामान आणि विजेचं बिल निघतं, आणि तेवढ्यानेही सुनेच्या डोक्यावरचा भार हलका होईल.

प्रश्न: मी एच-१बीवर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. टीमचं बरंचसं काम आता एआय टूल करतं, आमच्यातले अर्धे काढले. मला अनएम्प्लॉयमेंट मिळेल का? घेतलं तर ग्रीन कार्डला अडचण येईल का?

उत्तर: नुसत्या एच-१बीवर बहुधा मिळत नाही. भत्त्याची अट अशी की आज दुसऱ्या कुणी काम दिलं तर ते करायला तुम्ही मोकळे असायला हवं, आणि तुमची परवानगी एका मालकाशी बांधलेली आहे. तुमच्या नावाने कर मात्र भरला गेला होता. हे बरोबर नाही असं माझं ठाम मत आहे, पण नियम आज असा आहे. ग्रीन कार्डचा अर्ज पेंडिंग असून त्यावर वर्क परमिट हातात असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा क्लेम जरूर करा. पत्नी एच-४च्या (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसाच्या) परमिटवर काम करत होती आणि तिची नोकरी गेली असेल तर ती स्वतःच्या कमाईवर क्लेम करू शकते.

ग्रीन कार्डचं म्हणाल, तर अनएम्प्लॉयमेंट हा कमावलेला हक्क धरतात, ‘पब्लिक चार्ज’मध्ये, म्हणजे सरकारी मदतीवर अवलंबून असल्याच्या हिशेबात, तो मोजत नाहीत. तुमचा खरा प्रश्न वेळेचा आहे. नवा मालक शोधायला किंवा व्हिसा बदलायला नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ची (देशात राहायच्या परवानगीच्या नोंदीची) तारीख त्याआधी असेल तर तोवर. भत्त्याच्या मागे लागून त्यातले आठवडे घालवू नका. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.

प्रश्न: भत्ता चालू आहे आणि मी वीकएंडला डिलिव्हरी करते. सांगायलाच पाहिजे का?

उत्तर: हो, प्रत्येक डॉलर. आणि ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात दाखवायचा, पैसे हातात कधी आले ते बघायचं नाही. थोड्या कमाईने भत्ता पूर्ण थांबत नाही, काही रक्कम सोडून बाकीची वजा होते. लपवलं आणि आकडे जुळले नाहीत तर मूळ रक्कम परत आणि वर दंड. भत्त्यावर केंद्राचा इन्कम टॅक्सही लागतो. १० टक्के कापून घ्या असं क्लेममध्येच सांगता येतं, म्हणजे वर्षभराच्या भत्त्याचा टॅक्स फॉर्म, १०९९-जी, आला की धक्का बसत नाही.

प्रश्न: मी एका छोट्या ऑफिसात बुककीपर आहे. इन्व्हॉइस वाचून आपोआप नोंदी करणारं सॉफ्टवेअर आलंय, मीच त्याला शिकवतेय. माझं वय ४८. अजून काढलेलं नाही, पण रात्री झोप लागत नाही. आधीपासून काय तयारी करावी? आणि मशीनमुळे नोकरी गेलेल्यांसाठी सरकारची वेगळी काही मदत असते का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यावर मला फार राग आहे. खास ऑटोमेशनमुळे काम गेलेल्यांसाठी अशी केंद्राची योजना आज नाही. १९६२ मध्ये केनेडींच्या काळात मशीनमुळे बेकार होणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी कायदा झाला होता, १९६४ मध्ये ऑटोमेशनवर राष्ट्रीय आयोगही नेमला गेला. म्हणजे काळजी साठ वर्षांपूर्वीही हीच होती. परदेशी मालामुळे नोकरी गेली तर ‘ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स’ मिळायचं. मशीनमुळे गेली तर तेही नाही, आणि १ जुलै २०२२ पासून त्यातही नवे अर्ज घेणं बंद आहे. न्यूयॉर्कने मार्च २०२५ पासून एक बरी गोष्ट केली: मोठ्या लेऑफची सूचना देताना त्यामागे ऑटोमेशन आहे का, हे कंपनीला फॉर्मवर सांगावं लागतं. निदान मोजणी तरी सुरू झाली.

पण एक दार उघडं आहे. राज्याने मान्य केलेल्या प्रशिक्षणात असताना, नोकरी शोधत नाही एवढ्याच कारणावरून तुमचा भत्ता थांबवता येत नाही, हा केंद्राचा नियम आहे. न्यू जर्सीत तर नेहमीचा भत्ता संपल्यावर प्रशिक्षण चालू असेल तर २६ आठवड्यांपर्यंत जादा भत्ता मिळू शकतो. अट एकच, मंजुरी आधी घ्यायची. स्वतःच्या मनाने कोर्सला नाव घालून मग क्लेममध्ये ‘दिवसा कॉलेजला जाते’ असं लिहिलं की भत्ता अडकलाच म्हणून समजा. नोकरी गेली की पहिल्याच आठवड्यात जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जा आणि कोणते कोर्स मान्य आहेत, फीला मदत मिळते का, हे विचारा.

कोणतं क्षेत्र मशीनपासून सुरक्षित आहे, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तुमच्या कामाचं मात्र सांगते. नोंद टाकणं सॉफ्टवेअर करेल. पण व्हेंडरने तेच बिल दोनदा पाठवलंय, हा खर्च चुकीच्या खात्यात गेलाय, पेरोल टॅक्सचा आकडा गेल्या तिमाहीशी जुळत नाही, हे पकडणारं माणूस ऑफिसला लागतं. सॉफ्टवेअरच्या किती चुका तुम्ही पकडल्या आणि त्यामुळे किती पैसे वाचले, याची नोंद आजपासून ठेवा. ती बॉसला दाखवायलाही उपयोगी आणि पुढच्या इंटरव्ह्यूलाही.

बाकी तयारी थोडी पण पक्की करा. पे स्टब, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा टॅक्स फॉर्म), कामाचं मूल्यमापन, हे सगळं घरी उतरवून ठेवा, कारण काढलं त्या दिवशी लॉगिन बंद होतं. लेखी सूचना मिळेल अशा भरवशावर राहू नका. ६० दिवसांच्या सूचनेचा केंद्राचा कायदा १०० किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपन्यांना लागतो, तुमच्या ऑफिसला नाही. हेल्थ इन्शुरन्स गेला तर मार्केटप्लेसमधून (सरकारी विमा बाजारातून) नवा घ्यायला ६० दिवस असतात, ती तारीख चुकवू नका.

आणि सेव्हरन्सचा, म्हणजे काढताना देऊ केलेल्या पैशांचा, कागद पुढे आला तर त्याच खोलीत सही करू नका. तुमचं वय चाळिशीच्या पुढे आहे. वयावरून भेदभावाचा दावा सोडून देण्याची सही घ्यायची असेल तर विचाराला २१ दिवस, एकापेक्षा जास्त जणांना काढत असतील तर ४५ दिवस, आणि सही केल्यावरही ती मागे घ्यायला ७ दिवस द्यावे लागतात, असा केंद्राचा १९९० चा कायदा आहे. हा नियम २० किंवा त्याहून जास्त माणसांच्या ऑफिसला लागतो, तेव्हा आधी माणसं मोजा. कमी असतील तरी दोन दिवस मागून घ्या आणि त्या कागदात ‘राजीनामा’ किंवा ‘स्वखुशीने’ असा शब्द आहे का ते बघा. असेल तर तो बदलून ‘काम संपल्यामुळे’ असं करून मागा. वरच्या वेअरहाऊसवाल्या वाचकांचा क्लेम नेमका त्याच शब्दावर अडकला आहे.